नवव्या गल्लीची दोरी

हुसेन जमादाराने माझ्या आजेसासऱ्यांची खिल्लारी जोडी हाकली. त्याचा मुलगा इमाम याने आमचा टांगा हाकला. इमामचा मुलगा राजेखान याने आमची, कुडच्यांची पहिली मोटार चालवली. या तीन पिढ्यांनी आमचे वाहन वाटेत कधी थांबू दिले नाही. राजेखानाचा मुलगा दस्तगीर याने मात्र त्या सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता, नवव्या गल्लीच्या तोंडाशी, भर लोकांत माझी गाडी थांबवली. त्याच्या गळ्यात शिट्टी होती आणि हातात जाड पांढरी दोरी. दोरीचे दुसरे टोक समोरच्या विजेच्या खांबाला बांधलेले होते.

“आक्कासाब, गाडी हितंच.”

मी काच खाली घेतली. “कुणाची गाडी आहे ते दिसते ना?”

“दिसतीया की. म्हणूनशान हात जोडून सांगतोय. बाकीच्यास्नी नुसती शिट्टी मारतोय.”

आमचा ड्रायव्हर महावीर त्याच्यावर डाफरला, “आरं ए, शाळाच त्यांची हाय!”

“शाळा त्यांची, कोण न्हाई म्हणतंय? पर सव्वादहा ते पावणेअकरा गल्ली पोरांची हाय. कागदावर आक्कासाबांचीच सही हाय, महावीरदादा. वाचून दावू?”

कोपऱ्यावरच्या दुकानातून भूपाल शेटजी किराणा तोलता तोलता हसला. “काय आक्का, आजपासनं तुमीबी चालत का? बरं हाय, गुडघं मोकळं हुत्यात!”

भूपालला उत्तर देण्याची आमच्या घराण्यात पद्धत नाही. तेवढ्यात माझी नात ऋजुता पलीकडचे दार उघडून खाली उतरली होती. ती चौथीत होती. दोरीखालून वाकून ती पलीकडे गेली आणि मुलांच्या रांगेत मिसळली. तिने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही. मी महावीरला गाडी मागे घ्यायला सांगितले.

सही माझीच होती, हे खरे.

आमच्या गावात गल्ल्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. नवव्या गल्लीत माझे सासरे दादासाहेब कुडचे यांनी शाळा बांधली, त्या काळी त्या गल्लीतून दिवसाकाठी चार बैलगाड्या जात. पुढे शाळेत नऊशे मुले झाली आणि प्रत्येकाला दाराशी सोडायला कुणाची तरी गाडी येऊ लागली. पावसाळ्यात तर शिक्षकांना फाटकातून आत शिरता येत नसे. संस्थेची अध्यक्ष मी होते. जूनमध्ये नव्या मुख्याध्यापिका ऐनापुरेबाई एक कागद घेऊन माझ्याकडे आल्या.

“आक्कासाहेब, काल मी फाटकात उभी राहून मोजल्या. पंधरा मिनिटांत एकशे बारा गाड्या. त्यांतली निम्मी मुलं दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गल्लीतली. हाकेच्या अंतरावरची.”

“मग?”

“मग शाळा भरताना आणि सुटताना अर्धा अर्धा तास गल्ली बंद. मोटारी चौकात थांबतील. तिथून मुलं रांगेनं चालत येतील, नाहीतर सायकलवर. नगरपालिकेनं एक महिना परवानगी दिली आहे. महिनाभर काही विपरीत घडलं नाही, तर कायमचं करून देतो म्हणाले. आपलं बघून बाकीच्या शाळाही मागतील.”

“बाई, दोनशे पावले वाचवायला कुणी मोटार घेत नसते. कोण आले ते लोकांना कळावे म्हणून घेतात.”

त्या हसल्या. मी विनोद केला असे त्यांना वाटले असावे. मी कागद वाचला आणि सही केली. मला शिस्त आवडते. गल्लीत माजलेला गोंधळ मलाही पाहवत नव्हता. नियम करणाऱ्यानेही तो पाळायचा असतो, हे माझ्या मनात आले नाही. आमच्या घरात तसे कधी घडलेही नव्हते.

दोरी धरायला ऐनापुरेबाईंनी दस्तगीरला निवडले. तो शाळेत शिपाई होता आणि मुले त्याचे ऐकत. त्या पहिल्या सोमवारनंतर मी ऋजुताला चौकात सोडू लागले, पण स्वतः गाडीतून उतरले नाही. गावात काय चालले आहे ते कानांवर येत होते. पहिल्या आठवड्यात पालक भांडले. एकाने दस्तगीरच्या गुडघ्यांना बंपर लावला. तो हलला नाही, म्हणाला, “घाला की अंगावर. पर मग पोराला शाळंत कोण न्हील, तुमी का मी?” दुसऱ्या आठवड्यात भांडण ओसरले. शाळेच्या मागच्या सायकल स्टँडखाली मोडके बाक रचून ठेवले होते, ते हलवावे लागले. चौथ्या गल्लीतली एक आजी पाच मुलांना घेऊन रोज चालत येऊ लागली. भूपालचे गिऱ्हाईक मात्र तुटले. गाडीत बसल्या बसल्या बिस्किटपुडा मागणारे लोक आता त्याच्या दारात थांबत नव्हते.

एके दिवशी ऐनापुरेबाई मला गच्चीवर घेऊन गेल्या. खाली मुले गल्लीच्या मधोमध सायकली हाकत होती, दोघे दोघे, तिघे तिघे, हात सोडून, गप्पा मारीत.

“बघा आक्कासाहेब,” त्या म्हणाल्या, “पंधराच दिवसांत मागं वळून बघायची सवय गेली पोरांची.”

त्यांना त्याचा आनंद झाला होता. खरे सांगायचे तर मलाही झाला.

परवानगीच्या त्या महिन्याच्या एकोणिसाव्या दिवशी दादासाहेबांची पुण्यतिथी होती.

त्या दिवसाचा आमचा एक रिवाज आहे. दादासाहेबांची तसबीर घरून मोटारीतून निघते. तसबीर मांडीवर घेऊन घरातली वडीलधारी स्त्री मागे बसते. बरोबर साडेदहाला गाडी शाळेच्या फाटकाशी थांबते आणि शाळेतले सगळ्यांत लहान मूल काचेतून हात घालून तसबिरीला हार घालते. मग गाडी आत जाते. तिला मानाची गाडी म्हणतात. तिच्यामागून पाहुण्यांच्या गाड्या येतात. एकेचाळीस वर्षांत यात खंड पडला नव्हता. यजमान गेले त्या वर्षीही पडला नव्हता.

आदल्या दिवशी ऐनापुरेबाई आल्या, तेव्हा सुनेने त्यांना चहा दिला. त्यांनी तो घेतला नाही.

“आक्कासाहेब, एक विनंती आहे. उद्या अकराला यावं. तोवर दोरी निघालेली असते.”

“दादासाहेब साडेदहाला शाळेत पोचत. अकराला नव्हे.”

“मग चौकातून चालत येऊ या. तसबीर मुलं घेतील. दोन्ही बाजूंना मुलं उभी करते, लेझीम ठेवते. दादासाहेबांना आवडलं असतं.”

“दादासाहेबांना काय आवडले असते ते तुम्ही मला सांगणार?”

त्यांनी कप बाजूला सरकवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “महिना व्हायला बारा दिवस राहिलेत, आक्कासाहेब. एकदा दोरी खाली आली की उद्यापासून प्रत्येकाची गाडी मानाची होईल.”

“चहा निवला,” मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी मी हिरव्या काठाचे जरीचे लुगडे नेसले. तसबीर मांडीवर होती आणि शेजारी ऋजुता. चौकात आलो तेव्हा दहा पंचवीस झाले होते. दस्तगीर दोरी ताणून उभा होता. मागे पाहुण्यांच्या गाड्या लागल्या होत्या. त्याने काचेजवळ येऊन तसबिरीला सलाम केला.

“आक्कासाब, बाईंनी सांगितलंय. पाच मिंटं चालूया. तसबीर मी घेतो की डोईवर. न्हाईतर तुमास्नी खुर्चीवर बसवून न्हेतो, चार पोरं लावून. पर गाडी नगं.”

“दोरी खाली घे.”

“आत पोरं सायकलीवर हायती, आक्कासाब. त्यास्नी वाटतंय गल्ली मोकळी हाय.”

“दस्तगीर.” मी आवाज चढवला नाही. मला तशी गरज कधी पडत नसे. “राजेखानाचा मुलगा दादासाहेबांची गाडी अडवणार का, तेवढे सांग. मग मी परत जाते.”

दुकानातून भूपाल पाहत होता. मग दस्तगीरने दोरी जमिनीवर टाकली.

आमची गाडी आत गेली. तो लगेच दोरी उचलायला वाकला, पण आमच्या पाठोपाठ एक पांढरी गाडी शिरली होती. ती गडहिंग्लजच्या पाहुण्यांची होती. त्या माणसाला दोरीचे काहीच ठाऊक नव्हते. मानाच्या गाडीमागे जायचे, एवढेच त्याला सांगितले होते. फाटकाशी महावीरने गाडी थांबवली. पहिलीतल्या एका चिमुरड्या मुलीने हार धरून हात आत घातला. त्याच वेळी मागच्या पांढऱ्या गाडीने, आम्ही का थांबलो ते न कळून, बाजूने पुढे जाण्यासाठी वळण घेतले.

तनुजा हेरवाडे सहावीत होती. ती गल्लीच्या मधोमध सायकल चालवीत होती आणि मागच्या मैत्रिणीशी बोलत होती. मला आधी आवाज ऐकू आला, मग सायकलचे चाक दिसले. हार माझ्या मांडीवर पडला.

मिरजेच्या दवाखान्यात तनुजा सात आठवडे होती. पाऊल वाचले, पण चाल गेली.

त्या दिवशी घरी आलो तेव्हा माझा मुलगा अभिनंदन वकिलांशी फोनवर बोलत होता. फोन ठेवून तो म्हणाला, “आई, तू काही बोलू नकोस. जो कोणी विचारील त्याला माझ्याकडे पाठव. संस्थेवर आलं तर मान्यतेपर्यंत जाईल प्रकरण.”

ऋजुता दारात उभी होती. “पण बाबा, आज्जीच म्हणाली दोरी खाली घे.”

“तू आत जा.”

“मी शेजारीच होते. दस्तगीरमामा नको म्हणत होते.”

“आत जा म्हटलं ना!”

ती माझ्याकडे पाहत होती. मी काही तरी बोलेन असे तिला वाटत होते. मी लुगड्याचा पदर नीट केला.

गुरुवारी शाळेच्या सभागृहात बैठक झाली. नगरपालिकेचे अभियंते आले होते, हवालदार होते, दोनशे पालक होते. तनुजाचा बाप पहिल्या रांगेत होता. तो सूतगिरणीत कामाला होता आणि पाळी बुडवून आला होता. ऐनापुरेबाई उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज कोरडा पडला होता.

“अठरा दिवस गल्ली बंद होती. अठरा दिवसांत एका मुलाचं नखसुद्धा दुखलं नाही. हे झालं ते दोरी खाली आली म्हणून झालं. ती का आली, कुणाच्या सांगण्यावरून आली, एवढंच आपण इथे विचारू या. कुणी सांगून काढली असेल तर दोष दोरीचा नाही. उद्यापासून गल्ली पुन्हा बंद ठेवता येईल.”

“आणि आपसूक पडली असंल तर?” मागून कुणी विचारले.

“मग तुम्ही म्हणाल तसं.”

अभियंत्यांनी दस्तगीरकडे पाहिले. तो भिंतीशी उभा होता. त्याच्या गळ्यात शिट्टी नव्हती.

मी खुर्चीचे हात धरले होते. उठायला मला तेवढा आधार लागतो. मी उठणार होते, असे मी आजवर स्वतःला सांगत आले आहे. मला वेळ लागला, एवढे निश्चित. त्याआधी दस्तगीर बोलला.

“माज्या हातनं सुटली, सायेब. मी तंबाखू मळत हुतो.”

सभागृहात गलका उठला. तनुजाचा बाप धावून गेला, दस्तगीरच्या तोंडावर थुंकला, तेव्हा त्याला दोघांनी धरले. “माझ्या पोरीचा पाय गेला, आणि तू तंबाखू मळत होतास?” तो ओरडत होता. दस्तगीरने मान खाली घातली. त्याने आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता, हे त्या सभागृहातल्या पन्नास माणसांना तरी ठाऊक असावे.

“मी बघितलंय,” भूपाल उठून म्हणाला. “दुकानातनं दिसतंय की मला. चुना शोधत हुता.”

ऐनापुरेबाई माझ्याकडे वळल्या. “आक्कासाहेब, तुम्ही गाडीत होता. तुम्ही सांगा.”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी बोलले की गावात पुढे कुणी विचारत नसे.

“मी तसबिरीकडे पाहत होते,” मी म्हटले.

त्या सायंकाळी ठराव झाला. शिपायाच्या हातातल्या दोरीवर नऊशे मुलांचा जीव सोपवता येत नाही, म्हणून प्रयोग बंद. दस्तगीरला कामावरून कमी केले. ठरावाखाली अध्यक्ष म्हणून माझी सही आहे. सोमवारी गाड्या पुन्हा फाटकाशी आल्या. ज्या पालकांनी मुलांना सायकली घेतल्या होत्या, त्यांनीही आता भीतीपोटी मोटारी काढल्या. ऐनापुरेबाई दिवाळीनंतर राजीनामा देऊन विट्याला गेल्या. जाताना त्या सर्वांना भेटल्या. आमच्याकडे आल्या नाहीत.

दस्तगीर ठरावानंतर चौथ्या दिवशी आला. संध्याकाळचे पाच वाजत होते, नुकतीच शाळा सुटली होती. नवव्या गल्लीतून गाड्यांचे भोंगे आमच्या सोप्यापर्यंत ऐकू येत होते. त्याने पायरीखाली चपला काढल्या आणि उभा राहिला.

“बस,” मी म्हटले.

“ऱ्हाऊ द्या.”

“उद्यापासून मळ्यावर ये. देखरेखीला माणूस हवाच आहे. शाळेत मिळत होते त्याहून कमी पडणार नाही.”

“काम बघितलंय, आक्कासाब. हातकणंगल्याला. त्यासाठनं आलो न्हाई. तासगावच्या रस्त्याचं तुमास्नी आठवत आसंल.”

आठवत होते. तेव्हा दस्तगीर पाच वर्षांचा असेल. तासगावच्या रस्त्यावर आमच्या मोटारीखाली एक दूधवाला सापडला आणि जागीच गेला. मोटार माझे यजमान चालवीत होते. राजेखान शेजारी बसला होता. चक्र राजेखानाच्या हाती होते असे सांगायचे, हे त्याच दुपारी आमच्या घरात ठरले, आणि राजेखानही तयार झाला. मी कुणालाही न विचारता चालत पोलीस ठाण्यात गेले आणि गाडी कोण चालवीत होते ते लिहून दिले. यजमानांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर ते अखेरपर्यंत माझ्याशी कामापुरते बोलले. त्या गोष्टीचा मला नेहमी अभिमान वाटत आला होता.

“अब्बांनी जाताना मला जवळ बशिवलं,” दस्तगीर म्हणाला. “म्हनलं, आक्कासाबांनी आपला धनी दिला आन् मला ठिवला. आपल्या घरावर हे रीण हाय. आपल्यापाशी द्याया तर काय न्हाई. पर कवा येळ आली, तर मागं सरू नगंस.”

“मी तुला खोटे बोलायला सांगितले नव्हते.”

“न्हाई सांगितलं. मी लई येळ वाट बघितली. तुमी उठताय का बघत हुतो. उठला न्हाईसा, तवा म्हनलं, हीच ती येळ.”

बाहेर भोंगे वाजत होते. कुणीतरी मूल मोठ्याने हाका मारीत होते.

“अजून उशीर झालेला नाही,” मी म्हटले. “मी उद्या नगरपालिकेत जाते. काय घडले ते लिहून देते. गल्ली पुन्हा बंद होईल.”

“नगा जाऊ.”

“का?”

“त्या पोरीच्या बापानं सगळ्यांम्होरं माज्या तोंडावर थुकलं. माजी बायकू मला इच्यारती, तुमी तंबाखू कवापासनं खायला लागला? ह्ये सगळं मी सोसलंय, आक्कासाब, त्ये त्या रिणापायी. आता तुमी जाऊन सांगितलंसा, तर माजं दिल्यालं माघारी येईल. परत माज्या लेकरांच्या डोसक्यावर बसंल. पुन्यांदा कोन फेडणार?”

मी आयुष्यात अनेकांना गप्प केले होते. मला कुणी गप्प केल्याचे स्मरत नव्हते.

तनुजा हेरवाडे आता महाविद्यालयात जाते. माझा मुलगा तिची फी भरतो. का भरतो, हे तिच्या बापाला माहीत नाही. दस्तगीर गेल्या वर्षी हातकणंगल्यातच वारला, म्हणून आज हे लिहिते आहे. त्या संध्याकाळी मात्र मी त्याचे ऐकले. नगरपालिकेत गेले नाही.

एवढेच विचारले, “म्हणजे आता तुझ्या घराकडे आमचे काही राहिले नाही?”

“न्हाई, बाई,” तो म्हणाला. “समदं फिटलं.”

मग तो आमच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून बसला, आणि सावकाश चपला पायांत घालून निघून गेला.